रेस्टॉरंटची ओळख आणि वेबसाइट नव्याने करताना: आधी ठेवायचं काय ते ठरवा

रेस्टॉरंटच्या मालकाचा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो: "आमचा लोगो फार जुना वाटतो, बदलून द्या." जरा खोदून विचारलं की खरं कारण बाहेर येतं. समोर नवं कोणीतरी उघडलेलं असतं, किंवा पुढच्या पिढीने कारभार हातात घेतलेला असतो, किंवा संध्याकाळची टेबलं रिकामी राहायला लागलेली असतात. पहिल्या दोन कारणांवर डिझायनर काहीतरी करू शकतो. तिसऱ्यावर करू शकेलच असं नाही. ऑर्डर उशिरा येते म्हणून लोक तुटत असतील, तर नव्या पाटीमुळे आणखी चार जण आत येतील आणि तेही तोच उशीर सोसून निघून जातील.

म्हणून पैसे घालण्याआधी गेल्या वर्षभरातले ऑनलाइन अभिप्राय सलग वाचून काढा आणि तक्रारींचे गठ्ठे करा: चव, वेळ, वागणूक, मग "सापडलंच नाही", "गेलो तर बंद होतं", "साइटवरचा मेन्यू वेगळाच निघाला". शेवटचे तीन गठ्ठे जाड निघाले तर पुढचं वाचा. पहिले तीन जाड असतील तर आधी किचन आणि सर्व्हिस बघा, लोगो काही पळून जात नाही.

## दिसतं ते सगळं गोळा करा

एक दुपार काढा आणि मोबाइल घेऊन गिऱ्हाइकाच्या वाटेने चाला. रस्त्याच्या पलीकडून दिसणारी पाटी, दार, दारावरच्या वेळा, मेन्यू कार्ड, टेबलावरचा क्यूआर कोड, बिल, पार्सलची पिशवी, वेटरचा टी-शर्ट. मग नकाशावरची नोंद, डिलिव्हरी अ‍ॅपवरचं पान, सोशल मीडियाची खाती आणि वेबसाइट. प्रत्येकाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट घ्या आणि सगळे एका मोठ्या पानावर शेजारी शेजारी लावा. हे पान समोर ठेवलं की मालक बराच वेळ काही बोलत नाही. मी केलेल्या एका कामात एकाच नावाची पाच रूपं निघाली होती: पाटीवर एक, बिलावर दुसरं, नकाशावर जोडून लिहिलेलं, डिलिव्हरी अ‍ॅपवर पुढे 'फॅमिली' लावलेलं आणि ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त. लाल रंगही तीन प्रकारचा होता, त्यातला एक उन्हाने गुलाबी पडलेला.

त्याच बैठकीत दुसरी एक यादी करा. ही सहसा कोणी करत नाही. कुठली गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे, याची ती यादी. डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) कोणाच्या नावावर आहे, होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलीय त्या जागेचा) पासवर्ड कोणाकडे आहे, नकाशावरच्या नोंदीचं मुख्य खातं कोणाच्या ईमेलवर चालतं, लोगोची मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) कुठे आहे, फॉन्टचं लायसन्स कोणी घेतलंय. आधीच्या डिझायनरने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं आणि तो आता फोन उचलत नाही, ही कहाणी मी इतक्या वेळा ऐकलीय की पहिल्याच भेटीत विचारून टाकतो. डोमेन मालकाच्या हातात येईपर्यंत नव्या साइटचं काम सुरू करू नका.

## काय बदलायचं नाही, ते आधी

या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि तो साधारण सगळ्यात शेवटी, घाईत घेतला जातो.

एक सोपी चाचणी आहे. दहा-बारा नेहमीच्या गिऱ्हाइकांना कोरा कागद आणि दोन-तीन रंगीत पेनं द्या आणि म्हणा, आमची पाटी आठवून काढा. चित्रकला बघायची नाही, त्यांना काय आठवतं ते बघायचं. एकदा अकरा जणांकडून असे कागद घेतले. पाटीवरचं जे चित्र मालकाला जिवापाड प्रिय होतं, ते दोघांनीच काढलं. नऊ जणांनी नावाखालची जाड, टोकाला वळलेली रेघ काढली. माझ्या नव्या आराखड्यात ती रेघ मी पहिल्याच दिवशी उडवलेली होती. ती परत आली, आणि चित्र आतल्या भिंतीवर गेलं.

ही चाचणी न करता पुढे गेल्यावर काय होतं, याचं ताजं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली क्रॅकर बॅरल ही रेस्टॉरंटची साखळी. पिंपाला टेकून बसलेला म्हातारा त्यांच्या लोगोत १९७७ पासून होता. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी तो काढून नुसती अक्षरं ठेवली. लोक इतके बिथरले की आठवड्याभरात जुना लोगो परत आणावा लागला. याच्या उलट बर्गर किंगने २०२१ मध्ये केलं. त्यांनी १९९९ च्या लोगोतली निळी कमान आणि चकाकी काढली आणि १९६९ पासून तीस वर्षं वापरलेल्या, दोन पावांच्या मध्ये नाव असलेल्या सपाट रूपाजवळ परत गेले. नवं वाटलं, पण ओळखू आलं. माझ्या मते रेस्टॉरंटच्या बाबतीत दहापैकी आठ वेळा हाच रस्ता बरोबर असतो: जुन्या पेटीतलं चांगलं काय ते शोधा आणि त्यावरची धूळ झाडा.

आता गोळा केलेल्या पानावर तीन रंगांनी खुणा करा: ठेवायचं, सुधारायचं, टाकायचं. 'ठेवायचं'मध्ये फार तर तीन गोष्टी. एक रंग, एक आकार, एक अक्षरवळण, एवढं पुरतं. नाव बदलायचा विचार असेल तर तो या कामात मिसळू नका. नाव, लोगो आणि वेबसाइट एकाच दिवशी बदलली की लोकांना वाटतं, जुने मालक विकून गेले.

यानंतर एक पानाचा कामाचा कागद लिहा: कोण येतं, कधी येतं, कशासाठी येतं, आणि इथेच का. "सर्वांसाठी, उत्तम दर्जा, वाजवी दर" असलं काही त्यावर असेल तर फाडून परत लिहा. ते कुठल्याही दारावर चिकटवता येतं.

## लोगो, रंग, अक्षर

डिझायनर लोगो दाखवतो तो पांढऱ्या पानाच्या मधोमध, भरपूर मोकळ्या जागेत. असा तो आयुष्यात कुठेच दिसणार नाही. पसंती देण्याआधी चार ठिकाणी लावून बघा.

ब्राउजरच्या टॅबवर, जिथे तो सोळा पिक्सेलचा असतो. सोशल मीडियाच्या गोल चौकटीत, जिथे आडव्या लोगोचे दोन्ही कान कापले जातात. बिलाच्या प्रिंटरवर: थर्मल प्रिंटरला काळा सोडून रंग माहीत नाही, त्यामुळे करड्या छटा आणि बारीक रेघा तिथे फुटतात. आणि रस्त्याच्या पलीकडून. पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की दर तीन मीटर अंतराला अक्षराची उंची अडीच सेंटीमीटर. म्हणजे तीस मीटरवरून नीट वाचायला हवं असेल तर पंचवीस सेंटीमीटरचं अक्षर लागतं. पाटीची उंचीच चाळीस सेंटीमीटर असेल तर नावाखाली ब्रीदवाक्य बसवायचा हट्ट सोडा.

एकाच लोगोत ही चारही कामं होत नाहीत, म्हणून सुरुवातीपासूनच आडवा, उभा, नुसती खूण आणि एकरंगी अशी चार रूपं मागून घ्या. व्हेक्टर फाइल हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

रंगाचं सांगायचं तर, पडद्यावर जो झळाळतो तो छापल्यावर मरतोच, कारण पडदा प्रकाश मिसळतो आणि छपाई शाई. दुकानात बसून पॅन्टोनची पट्टी (छापील रंगांचे क्रमांक दिलेले नमुने) बघून रंग नक्की करा, मग त्याचे छपाईचे आणि पडद्याचे आकडे लिहून ठेवा. मागून दिवा लागणाऱ्या पाटीचा नमुना अंधार पडल्यावरच तपासा. वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी हे सुगम्यतेचं मानक सांगतं की साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. काळपट पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं रेस्टॉरंटवाल्यांची फार लाडकी. ती बहुतेक वेळा या चाचणीत निभावून जातात. क्रीम रंगावरची सोनेरी मात्र हमखास नापास होतात.

नाव देवनागरीत असेल तर रोमन लोगो काढून झाल्यावर "आता हेच मराठीत करा" असं म्हणू नका. शिरोरेषा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना वेगळी जागा लागते. रोमन अक्षरांच्या मापात कोंबलं की वेलांटी कापली जाते. दोन्ही लिप्या एकत्र आखा. आणखी एक बारकावा: बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. वेब पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, आणि फॉन्टमध्ये सोय असेल, तर मराठी वळण आपोआप मिळतं. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळणासाठीच केलेला आहे. 'मुक्त' आणि 'बालू' हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्टही खुल्या लायसन्सचे आहेत. विकतचा फॉन्ट घेत असाल तर छपाईचं आणि वेबचं लायसन्स बऱ्याचदा वेगळं असतं, हे विचारून घ्या.

## मेन्यू: एकच मूळ यादी

वेबसाइटच्या आधी मेन्यू. कारण साइटवर लोक मुख्यतः तोच बघायला येतात.

साधी स्प्रेडशीट करा. प्रत्येक पदार्थाला एक ओळ. रकाने असे: नाव, एका ओळीचं वर्णन, किंमत, कोणाला त्रास होऊ शकेल असे घटक, कोणत्या वेळी मिळतो, फोटो आहे की नाही. छापील कार्ड, वेबसाइट, डिलिव्हरी अ‍ॅप, क्यूआरमागचं पान, सगळं या एका यादीतून निघालं पाहिजे आणि ती बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे हवा. "साइटवर किंमत वेगळी होती" हा वाद डिझाइनचा नाही, दोन याद्यांचा असतो.

कार्डाचा नमुना छापून रात्री, रेस्टॉरंटच्याच दिव्याखाली, सर्वांत अंधाऱ्या टेबलावर बसून वाचा. शक्यतो साठीच्या पुढच्या कोणाला तरी बरोबर न्या. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आमच्या टीममधल्या पंचविशीतल्या मुलाला जे कार्ड 'क्लासी' वाटलं होतं, ते एका आजींनी हात लांब करून, मग मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. लॅमिनेशन चकचकीत होतं, त्यामुळे टॉर्चचा गोळा नेमका किमतींवर. त्या दिवसापासून मी लॅमिनेशन मॅटच सांगतो.

क्यूआर कोड ठेवायचा असेल तर तो स्वतःच्या डोमेनवरच्या पत्त्याकडे न्या. फुकटच्या सेवेने बनवलेला कोड त्या सेवेच्या मर्जीवर चालतो. ती बंद झाली की चाळीस टेबलांवरचे स्टिकर कचरा. कोडभोवती त्यातल्याच चार बारीक चौकोनांइतकी मोकळी कड सोडा आणि मध्ये लोगो घालायचाच असेल तर चूक-दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची, म्हणजे 'एच' निवडा. त्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो.

## वेबसाइट: भुकेलेला माणूस, एक हात, कमी बॅटरी

तुमच्या साइटवर येणारा माणूस बहुधा रस्त्यात उभा आहे. बरोबरच्यांना काहीतरी ठरवायचंय आणि मोबाइल एका हातात आहे. त्याला चार गोष्टी हव्यात: आत्ता उघडं आहे का, कुठे आहे, काय मिळतं आणि कितीला, टेबल कसं मिळेल. पहिल्या पडद्यावर, बोट न फिरवता, या चारही प्रश्नांची उत्तरं किंवा त्यांची बटणं दिसली पाहिजेत. "आमची कहाणी" खाली राहू दे, कोणाची तक्रार येणार नाही.

मेन्यू पीडीएफ करून चढवू नका. मोबाइलवर तो दोन बोटांनी ताणून वाचावा लागतो, सर्च इंजिनला त्यातले पदार्थ वेगवेगळे नीट कळत नाहीत, आणि जुनी पीडीएफ कुठेतरी राहून जाते ती राहूनच जाते. मेन्यू हा साधा मजकूर हवा. पत्ता कॉपी करता आला पाहिजे. फोन नंबर दाबला की फोन लागला पाहिजे. नंबर चित्रात असेल तर ते होत नाही. बटणं अंगठ्याला सापडतील एवढी ठेवा. डब्ल्यूसीएजी मानकातली किमान २४ पिक्सेलची मर्यादा फारच कमी आहे, ४८ धरून चला.

वेळा हा सगळ्यात दुर्लक्षित मजकूर. रोजच्या वेळा, मधली बंद वेळ, किचन शेवटची ऑर्डर कधी घेतं, आणि सुटीचे दिवस. हे साइटवर आणि नकाशावरच्या नोंदीत अक्षरशः सारखं हवं. शिवाय पानाच्या कोडमध्ये स्कीमा डॉट ऑर्गचा (सर्च इंजिनला माहिती नेमकी कळावी म्हणून ठरवलेल्या शब्दसंचाचा) 'रेस्टॉरंट' हा प्रकार वापरून नाव, पत्ता, फोन, वेळा आणि मेन्यूचा दुवा भरून घ्या. त्यामुळे सर्च इंजिनला अंदाज करत बसावं लागत नाही. डेव्हलपरचं हे तासाभराचं काम आहे, त्याने फार मोठं सांगितलं तर भुलू नका.

वेग फोटोंमुळे मरतो. गुगलच्या निकषांत पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा आणि पान उघडताना मजकूर किती सरकतो याचा आकडा ०.१ च्या आत असावा, अशी अपेक्षा आहे. फोटोग्राफरने दिलेली आठ एमबीची फाइल जशीच्या तशी टाकली की पहिला निकष तिथेच संपला. वेबपी किंवा एव्हिफ या हलक्या फाइल-प्रकारांमध्ये, मोबाइलच्या मापाने छोटी करून टाका, आणि प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहा, म्हणजे पान उड्या मारणार नाही. आपोआप वाजणारं संगीत आणि डोळ्यांवर येणारं "वृत्तपत्रिकेसाठी नोंदणी करा" हे दोन्ही काढून टाका. विकत घेतलेले तयार फोटोही नकोत. ताटात वेगळंच आलं की गिऱ्हाईक ते विसरत नाही.

## जुन्या घरातून नव्या घरात

ओळखीच्या बाबतीत जे जुन्या रेघेचं, तेच साइटच्या बाबतीत जुन्या पत्त्यांचं. वर्षानुवर्षं लोकांनी ते बुकमार्क केलेत, ब्लॉगवर दिलेत, सर्च इंजिनने लक्षात ठेवलेत.

जुन्या साइटच्या सगळ्या पानांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे नवा पत्ता लिहा. मग ३०१ प्रकारचं, म्हणजे कायमचं, रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय) लावा. सगळं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नका. मेन्यू शोधत आलेला माणूस मेन्यूवरच उतरला पाहिजे. ही रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गुगलच सांगतं, मी तर म्हणतो काढूच नका.

नव्या साइटवर काम चालू असताना ती सर्चमध्ये येऊ नये म्हणून डेव्हलपर 'नोइंडेक्स'ची खूण लावतो. साइट उघडताना ती काढायला विसरतो. मग महिनाभराने मालक विचारतो, आपण सर्चमध्ये दिसत का नाही? उघडण्याच्या दिवशीच्या यादीत ही ओळ पहिली लिहा.

आणि आता माझी स्वतःची चूक. एका कामात साइट नव्या होस्टिंगवर नेताना आम्ही डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले आणि साइट दिसायला लागली म्हणून खूश होऊन घरी गेलो. ईमेल कुठे पोचवायची हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जुन्या ठिकाणीच राहिल्या होत्या. बुकिंगच्या ईमेल तीन दिवस कोणालाच मिळाल्या नाहीत. शनिवारी रात्री दहा जणांचं कुटुंब दारात उभं, हातात "तुमची विनंती मिळाली" असा संदेश, आणि आत एकही टेबल रिकामं नाही. मॅनेजरने मला फोन करून जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या या नोंदींना, हात लावण्याआधी सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घेतो, दोन दिवस आधी टीटीएल (जुनी नोंद इतरत्र किती वेळ लक्षात ठेवली जाते तो काळ) ३०० सेकंदांवर आणतो, आणि बदल झाल्यावर फॉर्म भरून, ईमेल पाठवून, फोन लावून स्वतः एक टेबल बुक करतो. बदल मंगळवारी सकाळी करा, शुक्रवारी संध्याकाळी नको.

## उघडण्याचा क्रम

सगळं एका रात्रीत बदलत नाही, पण क्रम चुकला तर गोंधळ होतो. आधी कर्मचारी: नव्या कार्डावर काय कुठे आहे आणि गिऱ्हाइकाने "बदललं का?" विचारलं तर काय सांगायचं, हे त्यांना आठवडाभर आधी माहीत हवं. मग वेबसाइट, नकाशा, डिलिव्हरी अ‍ॅप आणि सोशल मीडिया एकाच दिवशी. पाटी आणि कार्ड त्याच आठवड्यात. पिशव्या आणि बिलाचे रोल जुने संपले की नवे. ते फेकून द्यायची गरज नाही.

दारावर आणि साइटवर महिनाभर एक छोटी ओळ ठेवा: तेच लोक, तेच किचन, नवी पाटी. नेहमीच्या लोकांना एवढंच जाणून घ्यायचं असतं.

पुढचे दोन-तीन महिने आकडे बघा, पण मोजकेच: साइटवरून आलेले फोन, दिशा विचारणारे, पूर्ण झालेली बुकिंग, आणि सर्च कन्सोलमध्ये (साइट सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) न सापडणारी पानं. सुरुवातीच्या अभिप्रायांचे गठ्ठे परत करा. "सापडलंच नाही" आणि "बंद होतं" हे दोन बारीक झाले का, ते बघा. लोगोबद्दलची मतं पहिल्या पंधरा दिवसांत ऐकून घ्या आणि काही करू नका. नाव वाचता येत नाही अशी तक्रार तीन-चार जणांनी केली तर मात्र लगेच बघा.

जुन्या मेन्यू कार्डांचा गठ्ठा गल्ल्याखाली ठेवू नका. गर्दीच्या वेळी कार्डं कमी पडली की वेटर नेमका तोच उचलतो, आणि बिल आल्यावर जुन्या किमतीवरून टेबलाशी वाद घालायला त्यालाच उभं राहावं लागतं.